एका ताऱ्याची कबड्डी

कोल्हापूरच्या गजेंद्र बावडेकरांनी कबड्डीचा ऑनलाइन गेम काढला आणि किंमत ठेवली तीन हजार. सात विरुद्ध सात. चौदा गडी जमल्याशिवाय सामना सुरूच होत नाही. पहिल्याच आठवड्यात चारशे जणांनी पाच-पाच तारे दिले. वाक्यही सगळ्यांचं एकच होतं, ‘रोज खेळतो, वेड लागलंय!’

फक्त केतकी शिंगटे नावाच्या कॉलेजातल्या पोरीने एक तारा दिला. तिने लिहिलं, ‘गेम झकास आहे. पण तीन हजार मोजून आठवडाभर मैदानात एकटीच उभी आहे. किंमत उतरवा.’

बावडेकरांचा पारा चढला. गेमच्या यशाचा समारंभ ठेवला होता, तिथे त्यांनी तिला व्यासपीठावर बोलावून पत्रकारांसमोर दरडावलं, "तुझ्या एका ताऱ्याने माझा धंदा बसतोय. पुसून टाक, नाहीतर वकिलाची नोटीस घरी येईल!"

"पुसते की," केतकी म्हणाली. "आधी एक सामना खेळू. तुम्ही आणि मी, दोघं झालो. रोज खेळणाऱ्या तुमच्या चारशे जणांतले बारा गडी तेवढे बोलवा."

मोठ्या पडद्यावर दोन नावं उमटली. त्यांच्याखाली ‘खेळाडू शोधत आहोत’ ही अक्षरं फिरू लागली. पंधरा मिनिटं झाली तरी ती फिरतच होती. तोवर पत्रकारांच्या ताटल्यांतली भजी संपली.

"लोक कामात असतील," बावडेकर घाम पुसत म्हणाले.

"असतील ना साहेब," केतकी म्हणाली, "पाच तारे द्यायच्या."