एका माणसाला एकच मासा

वेळणगडच्या महाराजांना गळाने मासे धरायची भारी हौस. दरसाल खाडीच्या तोंडाशी ते शर्यत लावत. नियमही त्यांचाच: एका माणसाने एकच मासा ठेवायचा, बाकीचे जिवंत पाण्यात सोडायचे. त्या सकाळी जोमा कोळ्याच्या टोपलीत एक मासा जास्त निघाला आणि त्याच्या पाठीवर चाबकाचे पाच फटके बसले. तेव्हापासून किनाऱ्यावर कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

दुपारी महाराजांच्या गळाला भलाथोरला जिताडा लागला. काठावरच्या मोठ्या काहिलीतल्या पाण्यात तो तडफडत होता, पोट गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म फुगलेलं. कोळी एकमेकांकडे बघायला लागले. अशी भरली मादी मेली, तर पुढे खाडीत धरायला उरणार काय? पण बोलणार कोण?

"शर्यत आम्हीच जिंकली ना, भिकोबा?" महाराजांनी तराजूवाल्याला विचारलं. चाबूकवाला शेजारीच उभा होता.

भिकोबाने तराजू खाली ठेवला. "महाराज, मासा मोठा आहे, पण एकटा नाही. पोटात हजारो आहेत."

"मग?"

"जोमाला एका जास्तीच्या माशाचे पाच फटके बसले. इथे किती, ते महाराजांनीच सांगावं."

महाराजांची नजर चाबकाकडे वळली. चाबूकवाल्याने घाबरून तो पाठीमागे लपवला.

"सोडा त्याला," महाराज पुटपुटले.

काहील खाडीत उपडी झाली. जाता जाता जिताड्याने शेपटीचा जो फटका मारला, तोच त्या दिवसाचा शेवटचा फटका.