दगडात निजलेली पणजी

नदीकाठच्या एका जंगलात एक रानकोंबडी राहत असे. जमिनीवरच राहत असे, कारण वर तिला कोणी राहू देत नसे. मुलांनो, जमिनीवर राहणं काही वाईट नाही. किडे तिथेच, वाळवी तिथेच, दाणेही तिथेच. पण कोल्हाही तिथेच. पिल्लं अंड्यातून बाहेर येऊन थोडेच दिवस झाले होते, तोच त्यातलं सगळ्यात गुबगुबीत पिल्लू कोल्ह्याने उचललं. कोंबडीने त्याच्या नाकावर चोच हाणली, करवंदीच्या जाळीपर्यंत त्याच्यामागे धावली. उपयोग झाला नाही. ती परत आली, उरलेल्यांना पंखाखाली घेतलं आणि ठरवलं, की रडत बसायचं नाही. उद्यापासून रात्र झाडावर काढायची.

तसं जवळपास एकच झाड होतं. नदीकडे जरासं कललेलं जुनं उंबर. दिवस मावळताना सगळे पक्षी त्यावर वस्तीला येत. खोड असं उभं, की कोल्ह्याच्या बापाला चढता आलं नसतं. पण उंबरावरच्या मंडळींची एक रीत होती. नव्या पिल्लाने जमिनीवरून एका झेपेत खालची फांदी गाठायची. वाटेत खोडाला पाय लागला, की पिल्लू बाद. खालच्या फांदीवर म्हातारा धनेश आपली भलीमोठी पिवळी चोच घेऊन बसे आणि पाय लागलेल्याला त्याच चोचीने खाली लोटून देई. ही रीत कोणी घातली, कशासाठी घातली, कोणालाही सांगता येत नव्हतं. म्हणूनच सगळे ती एवढी कडक पाळत.

कोंबडीच्या पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. पण एक गोष्ट येत होती. इवलेसे पंख जोरजोरात फडफडवत, खोडात नखं रोवत, ती सरळ वर धावत सुटत. पंखांच्या फडफडीने अंग खोडाला चिकटून राही आणि पाय घसरत नसत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिलं पिल्लू असं धावत फांदीपाशी पोहोचलं मात्र, धनेश ओरडला, "पाय लावला! खाली!"

"लावला," कोंबडी म्हणाली. "पाय आहेत म्हणून लावला. वर पोहोचलं ना?"

"चढणं हे सरड्याचं काम, बाई. पक्षी उडतो."

"उडेल की! थोडे दिवस थांबा. तेवढे दिवस कोल्हा थांबतो का, ते मात्र त्याला तुम्हीच विचारून या."

पोपटाला अशा वेळी भारी जोर चढतो. तो वरून म्हणाला, "सरड्याची पिल्लं गं बाई ही! कोंबडे, खरं सांग, अंडी तुझीच होती ना?"

सगळं उंबर खदखदून हसलं. धनेशाने पिल्लाला लोटलं, ते कोंबडीच्या पाठीवर येऊन आदळलं. ती रात्र तिने काटेरी जाळीत, डोळ्याला डोळा न लावता काढली. कोल्हा जाळीभोवती फिरत राहिला. त्याला काही घाई नव्हती.

उजाडलं. दुःख असो की सुख, उकरल्याशिवाय कोंबडीचं चालत नाही. पिल्लांना घेऊन ती कड्याखाली गेली. तिथे भाकरीच्या चवडीसारखे दगडाचे पातळ पातळ थर एकावर एक बसले होते आणि त्यांच्या फटींत वाळवी मुबलक. तिने नख घालून एक चपटा दगड ओढला. तो सरकला, घरंगळत खाली गेला, आणि त्याच्याखालच्या दगडात कोणीतरी पडलेलं दिसलं.

कोंबडी आधी दोन पावलं मागे सरली. मग जवळ आली. कावळ्याएवढा जीव. मान मागे टाकलेली, मेलेली कोंबडी टाकते तशीच. दोन्ही बाजूंना पंख पसरलेले, पिसाची एकेक काडी दगडावर उमटलेली. पण पंखाच्या वाकणावर तीन बोटं, आणि बोटांना आकडेदार नखं. चोचीच्या जागी जबडा, त्यात बारीक दात. मागे सरड्यासारखी लांब हाडांची शेपटी, आणि त्या शेपटीलाही दोन्हीकडून पिसं.

"आई, ही कोण?" एका पिल्लाने विचारलं.

"माहीत नाही. पण पाय देऊ नकोस. कोणाची तरी लेक आहे."

बातमी उंबरावर गेली आणि सगळी मंडळी कड्याखाली उतरली. पिसं बघून आधी सगळ्यांना नातं आठवलं. पोपट म्हणाला, "रंग गेलाय, पण हिरवीच असणार." धनेश म्हणाला, "ऐट बघा. आमच्याच घराण्यातली." कावळा तेवढा आधी दगडाभोवती फिरून आला. मेलेल्यांशी त्याचा रोजचा संबंध. तो म्हणाला, "ही जुनी आहे. फार जुनी. चिखलात रुतली, वर चिखल बसत गेला, बसत गेला, त्याचा दगड झाला. तेव्हा तुमचं उंबर नव्हतं आणि ही नदीसुद्धा नव्हती. पण धनेशराव, जरा खाली वाका. घराण्यात दात कोणाला होते?"

धनेशाने वाकून पाहिलं. दात पाहिले, नखं पाहिली, शेपटी पाहिली आणि तो झटकन ताठ झाला. "ही आमच्यातली नाही."

"मलाही हिचा रंग हिरवा नाही, असंच म्हणायचं होतं," पोपट म्हणाला.

तेवढ्यात एक घोरपड जीभ काढत आली. शेपटी बघून तिला भरून आलं. "अगं बाई, ही तर आमची!" मग तिची नजर पिसांवर गेली. "इश्श! अंगावर हे काय? आमच्यात असलं कोणी घालत नाही." आणि तीही तोंड फिरवून उभी राहिली. म्हणजे दात आहेत म्हणून पक्षी घेईनात, पिसं आहेत म्हणून घोरपड घेईना. काल संध्याकाळी उंबराखाली तिची पिल्लं अशीच उभी होती.

धनेशाने हुकूम सोडला, "माती लोटा हिच्यावर. उद्या पोरं हिला बघून भलतंसलतं विचारतील."

कोंबडी उडी मारून दगडाच्या कडेवर उभी राहिली. पिसं फुलवली, मान ताठ केली. "लोटा. आधी मला गाडा, मग हिला."

"बाई, बाजूला व्हा. ती पक्षीण नव्हे. कावळ्यालाच विचारा."

कावळा म्हणाला, "मला विचारता तर सांगतो. उडणाऱ्यांच्या छातीत नांगराच्या फाळासारखं उभं हाड असतं. हिला ते दिसत नाही. जमिनीवरून एका झेपेत वर जाणं हिच्या छातीला झेपलं नसतं."

"ऐकलंत?" धनेश म्हणाला.

"मी ऐकलं, आता तुम्ही ऐका," कोंबडी म्हणाली. "झेप घेता येत नव्हती, तर ही बाई झाडावर जायची कशी? ही नखं काय अंग खाजवायला होती? पंख फडफडवत, नखं रोवत ती धावत चढत असणार. माझी पिल्लं चढतात तशी. वर गेल्यावर मग हवेत अंग टाकायला शिकली असेल. धनेशराव, तुमच्या रीतीने हिला उंबरावर जागा नाही. तेव्हा तुम्ही तिथे असता तर हिलाही खाली लोटलं असतंत. मग हिची अंडी कोल्ह्याच्या पोटात. आणि हिच्यासारख्यांची अंडी जगली नसती, तर आज ही चोच कोणाच्या तोंडावर असती?"

"तरीपण पाय तो पायच," पोपट पुटपुटला.

"तू गप. तू फांदीवर चढताना पायांबरोबर चोचसुद्धा लावतोस. सगळ्या जंगलाने पाहिलंय."

या वेळी उंबराची मंडळी पोपटाला हसली. कावळा म्हणाला, "आणि बोटांचं म्हणाल, तर ती प्रत्येकाच्या पंखात आहेत. एकमेकांना चिकटलीत, एवढंच. मी पुष्कळ पंख फोडून खाल्लेत."

माती कोणी लोटली नाही. एकेक जण उडून गेला. घोरपड मात्र पुढे सरकून गोडीत म्हणाली, "म्हणजे कोंबडीताई, तुझंमाझंही नातं निघालं की."

"निघालं. मान्य. अंड्यांपासून लांब राहायचं."

दुपारभर कोंबडी पिल्लांना घेऊन नदीच्या वाळूत हिंडत होती. एकदा तिने वर पाहिलं. वाळक्या फांदीवर धनेश एकटाच बसला होता. त्याने एक पंख उघडला होता आणि मोठ्या चोचीचं टोक पिसांत खुपसून तो पंखाच्या वाकणाशी काहीतरी चाचपत होता. बराच वेळ चाचपत होता. कोंबडीने नजर वळवली. कोणी स्वतःशी हिशेब करत असेल, तर टक लावून बघू नये.

दिवस मावळला. कोंबडी पिल्लांना घेऊन उंबराखाली आली. आज रीत मोडली तर ठीक, नाही मोडली तर पुन्हा ती जाळी, आणि जाळीपाशी कोल्हा आधीच येऊन बसला होता. ती म्हणाली, "चला. मागे बघायचं नाही."

पिल्लं धावत सुटली. दोन पिल्लं फांदीवर पोहोचली, थोड्या वेळाने तिसरं. कोणी ओरडलं नाही. शेवटचं सगळ्यात लहान. अर्ध्यावर त्याचा पाय ओल्या सालीवरून सटकला आणि ते एका नखावर लोंबकळू लागलं. ते पाहून कोल्हा जाळीपासून निघाला. कोंबडी खाली पंख पसरून त्याच्या आडवी झाली. "ये! ये तू!" ती ओरडली.

वर धनेशाने मान वाकवली. चोच खाली आली. कोंबडीने ते पाहिलं. पण चोच पिल्लाच्या वर थांबली नाही, बाजूने गेली आणि त्याच्या पायाखाली टेकली, शिडीसारखी.

"पाय लाव, पोरा," धनेश चोच न हलवता घोगऱ्या आवाजात म्हणाला. "घट्ट लाव."

पिल्लाने चोचीवर पाय रोवले, पंख फडफडवले आणि ते तिच्यावरून धावत फांदीवर गेलं. कोल्ह्याने उडी घेतली, तोवर कोंबडीनेही वर झेप घेतली होती. त्याच्या तोंडात तिच्या शेपटीचं एक पीस तेवढं राहिलं.

फांदीवर धनेश सरकून बसला होता. कोंबडीने पिल्लांना पंखाखाली घेतलं. आभार वगैरे तिने मानले नाहीत. कशाचे मानायचे? फांदी लांब होती, जागा होतीच.

तात्पर्य : उडणाऱ्या प्रत्येकाच्या कुळात कोणीतरी धडपडत, नखं रोवत वर चढलेलं असतं, म्हणून वर बसलेल्यांनी धडपडत येणाऱ्याला खाली लोटू नये, पायाखाली आधार द्यावा.