माकडिणीचे आलुबुखार

एका डोंगराळ जंगलात एक म्हातारी माकडीण राहत असे. तिच्याकडे, बरं का मुलांनो, आलुबुखाराचे एक झाड होते; साऱ्या जंगलात तेवढे एकच! लहानपणी आई तिला या झाडाखाली मांडीवर घेऊन बसे, प्रत्येक जांभळे फळ आधी स्वतः चाखून बघे आणि मगच लेकीला भरवी. आंबट निघाले तर बिचारी स्वतःच खाऊन टाकी. आई जाऊन किती पावसाळे लोटले, पण फळे पिकू लागली की माकडिणीला ती मांडी आठवे आणि तिचे डोळे भरून येत.

म्हणून ती डोळ्यांत तेल घालून झाडाची राखण करी. एकदा एका अस्वलाने तोंड भरून फळे पळवली, तर हिने कडकडून त्याच्या कानाचा लचकाच तोडला. "मेल्या चोरा, माझ्या आईचं झाड आहे हे! एक बीसुद्धा बाहेर जाऊ द्यायची नाही मी!" अस्वल कळवळत डोंगरापलीकडे पळाले. माकडीण स्वतः मात्र झाडाखालीच फळे खाई आणि बिया तिथेच टाकी. त्या दाट सावलीत एकही बी रुजली नाही. तिला त्याचे काय? झाड होतेच की!

पण झाडही म्हातारे झाले होते. काही वर्षांनी एका वादळात ते मुळासकट उन्मळून पडले. माकडीण ढसाढसा रडली. "आता ती चव मला कुठे गं मिळायची, आई?" तिला तिथे राहवेना. भटकत भटकत ती डोंगर ओलांडून गेली आणि बघते तो काय, सगळा उतार आलुबुखारांनी लगडलेला! खाली तेच कानतुटके अस्वल बसले होते. माकडीण शरमेने मागे फिरली.

"अहो मावशी, निघालात कुठे?" अस्वल म्हणाले. "तुमच्याच झाडाच्या बिया या. खात गेलो, टाकत गेलो. या, पोटभर खा."

तिने भीत भीत एक फळ तोंडात घातले. किंचित आंबट होते, पण चव तीच! "चोर म्हटलं रे तुला मी," ती हुंदका देत म्हणाली, "आणि माझ्या आईचं झाड तूच जगवलंस!"

इतक्यात एका कावळ्याने फळ उचलले. सवयीने माकडिणीचा हात उगारला गेला. मग तो हळूच खाली आला आणि ती ओरडली, "लांब ने रे बाबा, खूप लांब ने!"

तात्पर्य : माया कवटाळून ठेवली तर आपल्याबरोबर सरते, वाटली तर आपल्यामागेही उरते.