न मोडलेल्या घडीची कहाणी

ऐका सटवाई, तुमची कहाणी. एक होतं आटपाट नगर. तिथं भिवरा नावाची एक बाई राही. तिच्याकडे एक शिसवी पेटी होती. पेटीत लुगडी होती, धोतरं होती, शेले होते. भिवरा स्वतः बारा वर्षं एकच ठिगळाचं लुगडं नेसे, पण पेटीला कुणाला हात लावू देत नसे.

पहिल्या वर्षी नवऱ्याला थंडी वाजली. येसू सून म्हणाली, "सासूबाई, मामंजींना गोधडी शिवते. दोन लुगडी द्या." भिवरा म्हणाली, "नवं आहे गं, जुनं होऊ दे." मामंजी गोणपाट पांघरून निजले. दुसऱ्या वर्षी लेक माहेरी आली, तिनं मागितलं. भिवरा म्हणाली, "अजून चांगलं आहे." लेक कुडकुडत सासरी गेली. तिसऱ्या वर्षी येसूला दिवस गेले. मग सटवाई सुया-दाभण विकणाऱ्या म्हातारीच्या रूपानं दारी आली. म्हणाली, "बाई, सुनेला गोधडी शिवू दे. घरात बाळ येतंय." भिवरा म्हणाली, "अजून धड आहे. धडाला का कात्री लावतात?" म्हातारी म्हणाली, "बरं. तुझं धड तुझ्या पेटीत राहो." आणि निघून गेली.

पौषात येसूला मुलगी झाली. बारशाआधी बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत, जुनं मऊच लागतं. येसूची लुगडी दोनच, तीही यंदा माहेरून आलेली, करकरीत. मग भिवरानं पेटी उघडली. येसूनं पहिलं लुगडं झटकलं, ते घडीघडीवर चिरलं. दुसरं ओढलं, ते आवाज न करता फाटलं. तिसऱ्यात सुई घातली, तर सुईबरोबर कापडच हाती आलं.

भिवरा म्हणाली, "अगंबाई! हे तर फारच जुनं झालं."

येसूचं डोकं फिरलं. "तीन वर्षं नवं होतं, आज जुनं झालं! मधे शिवायचा वार कोणता होता, सासूबाई? तेवढा सांगा!"

भिवरा चिंध्यांची घडी घालू लागली.

पाचवीला दिवेलागणीला म्हातारी पुन्हा आली. पाचवीला कोण येतं, हे बाळंतिणीला सांगावं लागत नाही. येसू कडाडली, "शाप दिलास सासूला, आणि कुडकुडते माझी लेक! हा कुठला न्याय?"

सटवाई वरमली. म्हणाली, "बाई, मी शाप दिला नाही. पेटीत राहो, एवढंच म्हटलं. पेटीत राहिलं की पुढचं आपोआप होतं. घरात एक जुनं कापड अजून शाबूत आहे. शोध."

येसूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, मग सासूकडं पाहिलं. तिचा पदर दोन अंगठ्यांत धरून ओढला. पदर तटतटला, फाटला नाही. रोज नेसलेला, रोज धुतलेला, उन्हात वाळलेला, लोण्यासारखा मऊ.

"सोडा लुगडं."

"अगं, मग मी नेसू काय?"

"माझ्या बापानं यंदा दिवाळीला दिलेलं नेसा."

"त्याची अजून घडी नाही गं मोडली!" भिवराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग मोडा!"

भिवरानं घडी मोडली. नेसून बाहेर आली, तर नवऱ्यानं ओळखलं नाही. पाहुणी समजून पाट मांडला. येसूनं गोधडी शिवली. मुलगी उबेला आली, झोपली.

मग भिवरानं वसा घेतला. दर मार्गशीर्षात पेटी उघडावी, कापडाला ऊन दाखवावं, अंगठ्यांत धरून ओढावं. तटतटलं तर गोधडी करावी, निमूट फाटलं तर वाती कराव्यात, रडत बसू नये. नव्याची घडी वेळेवर मोडावी. वशाच्या पहिल्या वर्षी भिवरा "अजून चांगलं..." एवढं बोलून थांबली. देवीनं तेवढ्याकडं काणाडोळा केला.

आणि पाचवीच्या त्या दिवशी मुलीच्या कपाळी सटवाईनं एक ओळ जास्तीची लिहिली: हिनं घडी मोडताना कुणाला विचारू नये.

जशी त्या लेकीला ऊब मिळाली, तशी तुम्हां आम्हां मिळो, आणि कापड धड आहे तोवर मिळो. ही साठां चिंध्यांची कहाणी पांचा टाक्यांत सुफळ संपूर्ण.