चिमणसाळीची बरणी

"पण बाबा, दहाच दाणे कशाला?" डॉ. यशोधनने विचारलं. "सोहळ्यात ही अख्खी बरणीच व्यासपीठावर ठेवणार आहेत. तुम्ही फक्त माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं."

"दहा दे," धावजीबाबा म्हणाले.

चिमणसाळ ही भाताची जुनी जात. साऱ्या घाटमाथ्यावर ती एकट्या धावजीबाबांनी राखली होती. गुडघे गेले तेव्हा उरलेलं सगळं बी त्यांनी यशोधनच्या ओंजळीत ओतलं. भातावर संशोधन करायला आलेला हा शहरी पोरगा अकरा वर्षं त्यांच्यामागे चिखलात राबला होता. बाबांनी त्याला एकच सांगितलं, "दरसाल पेर."

पहिल्या साली पठ्ठ्यानं पेरलंही. मग प्रबंध गाजला आणि सत्कार सुरू झाले. संशोधनाचा पुरस्कार, समाजसेवेचा पुरस्कार, कुठल्याशा मंडळाचा भूषण पुरस्कार... दर ठिकाणी टेबलावर ही काचेची बरणी आणि याच्या गळ्यात हार. पेरणीच्या दिवसांत स्वारी नेमकी कुठल्या तरी व्यासपीठावर! पुढच्या साली नक्की, असं म्हणता म्हणता चार पावसाळे गेले. आता सगळ्यात मोठा पुरस्कार जाहीर झाला होता. कशाबद्दल, तर चिमणसाळ वाचवल्याबद्दल.

बाबांनी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधले आणि पुरचुंडी चुलीच्या उबेला ठेवली.

"चार दिवस थांब."

"बाबा, मला भाषण लिहायचंय हो!"

"हितं लिही."

यशोधन चरफडत थांबला. चौथ्या दिवशी बाबांनी गाठ सोडली.

एकाही दाण्याला मोड नव्हता.

"दहाच तर होते," यशोधन म्हणाला. "आता शंभर घेऊ."

शंभर घेतले. भाषण दोन ओळींवर अडलं ते अडलंच. बुधवारी सकाळी फडकं उघडलं तर नुसता आंबूस वास.

"तुमच्याकडे मूठभर तरी असेल ना, बाबा? कणगीच्या तळाशी? कुठंतरी?"

"तुला दिलं तेवढंच व्हतं."

"गावात कुणाकडे?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली.

यशोधनने बरणी उचलून छातीशी धरली. दुष्काळानं नाही, किडीनं नाही, आपण मारलं हिला. आपल्या या हातांनी. त्याला हुंदका आवरेना.

बाबा भिंत धरत उठले. अंगणात जाऊन त्यांनी रांजणातलं पाणी अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर ओतून घेतलं. एक तांब्या, दोन, तीन... मग तसेच निथळत येऊन उंबऱ्याशी बसले.

यशोधनला काही कळेना.

"बाबा... मी नाही घेत तो पुरस्कार. कळवून टाकतो, येत नाही म्हणून. कुठल्या तोंडानं जाऊ?"

बाबांनी कपाळावरचं पाणी निपटलं.

"कधी हाय म्हनलास त्यो सोहळा?"

"पुढच्या शुक्रवारी."

बाबांनी ओल्या बोटांवर दिवस मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

"दहावा दिस येतोय," ते म्हणाले. "जा लेका. दहाव्याला घरचं मानूस लागतं."