धोंडीची जागा

डोंगरटेकड्यांनाही लेकीबाळी असत, त्या काळातली ही गोष्ट. एका टेकडीच्या माथ्यावर तिची लेक धोंडी बसलेली असे. रेड्याएवढी दांडगी शिळा. उन्हानं तापून, पावसानं भिजून धोंडीच्या अंगाला भेगा पडत गेल्या आणि एका पावसाळ्यात ती सुटून खालच्या नदीत गडगडली.

"बाई, हिला सांभाळून ने," टेकडी नदीला म्हणाली. "आणि लेकी, परत ये. तुझी जागा मी कुणाला देणार नाही."

नदीनं सांभाळलं, पण ते वाहत्या पाण्याचं सांभाळणं. आपटत, घासत धोंडीचे कोपरे गेले. तिचा गोटा झाला, गोट्याची वाळू झाली. वाटेतल्या शेताशेतांत ती थोडी थोडी मागे राहिली. खाडीशी नदी थकली आणि तिनं धोंडीला अलगद खाली ठेवलं, तेव्हा चिमूटभर चिखल उरला होता. त्या चिमटीला मात्र माहेर आठवत होतं.

एक दिवस ती एका टिटवीच्या पायाला चिकटली. टिटवी उडत उडत त्याच टेकडीवर आली आणि धोंडीच्या रिकाम्या खळग्यात उतरली.

"आई, मी आले," धोंडी म्हणाली. पण चिमूटभर चिखलाचा आवाज तो कितीसा असणार?

टिटवी पाय झटकू लागली.

"बये, तिथं चिखल नको गं टाकू," टेकडी कळवळून म्हणाली. "पलीकडे झटक. ती माझ्या धोंडीची जागा आहे."